दुर्मीळ आहे म्हणून काहीही?

जुन्या गाडीचा गिअरबॉक्स विकायला काढणाऱ्यांनी ‘किंमत तुम्हीच सांगा’ हा खेळ एकदाचा बंद करावा. वस्तू तुमची, मग भाव आम्ही का फोडायचा? आणि सांगितलाच, तर ‘एवढ्यात भंगारवालाही देणार नाही’ हे वर ऐकून घ्यायचे! दुर्मीळ म्हणे! गिअर बदलताना वेग जुळवून घेणाऱ्या सिंक्रो रिंगा झिजून दुसरा गिअर टाकताच किंचाळत असेल, तर तो दुर्मीळपणा काय चाटायचा आहे? डिफरन्शियलच्या, म्हणजे इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटून देणाऱ्या भागाच्या, बाबतीत तर कहरच आहे: त्यातले मोठे दातेरी चाक (क्राउन व्हील) आणि छोटे (पिनियन) ही कारखान्यातच एकमेकांवर घासून जुळवलेली जोडी असते, हे ठाऊक असूनही (की नसल्यामुळेच?) ही मंडळी त्यांची ताटातूट करून दोन्हींना स्वतंत्र भाव लावतात. दात किती, असे विचारले तर उत्तर येते, ‘सगळे आहेत.’ अहो, ४१ आणि १० असतील तर गुणोत्तर ४.१ येते, ४३ आणि ११ असतील तर ३.९१, आणि गाडीची चाल त्यावर ठरते. तेवढे मोजायला काय पंचांग लागते? झाकण उघडून आतली बेअरिंगे दाखवा म्हटले की यांचा अपमान होतो, आणि ‘काढला तेव्हा उत्तम चालत होता’ असे ठणकावून सांगणाऱ्याला, मग तो काढला तरी कशाला, हे विचारण्याची सोय नाही.