स्लॅबला आतून थर्माकोल? कोकणात तरी नको

ऊन तापायला लागलं की गावागावांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: 'मागच्या पडवीच्या जागी बांधलेली स्लॅबची खोली तापते? स्लॅबला आतून थर्माकोल चिकटवा, त्याखाली प्लास्टिकचा कागद आणि चमकता फॉइल लावा, वरून जिप्समचं सिलिंग करा. खोली दहा अंशांनी थंड, गळतीही बंद, गच्चीवर खर्च शून्य. थर जितका जाड तितका फायदा.' मुंबईतून गावच्या घराला पैसे पाठवणारे कितीतरी जण हे वाचून काम सांगून मोकळे होतात. म्हणून यातला एकेक दावा तपासायला हवा.

आधी ते दहा अंश. काँक्रीट उष्णता फारशी अडवत नाही. पाच इंची स्लॅबचं काम जेमतेम तीन मिलिमीटर थर्माकोलइतकं. त्यामुळे इन्सुलेशनने, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या थराने, फरक पडतो, आणि चांगला पडतो, हे मान्यच आहे. पण तो पडतो छताच्या खालच्या बाजूला. मे महिन्यात उघड्या गच्चीचा पृष्ठभाग पन्नास अंश सहज ओलांडतो आणि ती धग तीन-चार तासांनी खाली उतरते. दिवेलागणीनंतरही पंखा गरम वारा फेकतो तो यामुळेच. डोक्यावरची ही धग थांबते. खोलीतली हवा मात्र खिडकीतून येते. बाहेर ३४ अंश आणि घामट हवा असताना एसीशिवाय आत २४ होणार नाहीत, कोणतीही शीट लावा.

'आतून चिकटवा' हे तर उलटंच आहे. इन्सुलेशन खाली असलं की स्लॅब उघडाच राहतो. तो दिवसभर भाजतो, रात्री आखडतो आणि वळवाची सर आली की एकदम गार पडतो. या ताणाताणीत चिरा पडतात, आणि वाढीव खोलीत पहिली चीर बहुधा जुन्या भिंतीच्या सांध्यात जाते. नवा स्लॅब आणि जुनी जांभ्याची भिंत एकजीव होत नाहीत, दोन्ही आपापल्या परीने हलतात. त्यात जांभा सच्छिद्र. भिंतीने प्यायलेलं पाणी आतल्या आत उतरतं आणि कुठे फुटेल सांगता येत नाही. शिवाय जुन्या कौलारू छपराच्या पागोळ्या नेमक्या याच स्लॅबवर पडतात. एका संपूर्ण पाख्याचं पाणी चार महिने एकाच रेषेत आपटतं, शिंतोडे भिंतीवर उडतात आणि त्या रेषेतला वॉटरप्रूफिंगचा थर सगळ्यात आधी झिजतो. तिथे आधी पन्हळ लावा. भिंतीत स्लॅबपासून वीतभर उंचीवर खाच मारून वॉटरप्रूफिंग त्यात घुसवायला सांगा, कोपऱ्यात सिमेंटचा गोला मारून (कोपरा गोलसर भरून) घ्या. हे काम झाल्याशिवाय इन्सुलेशनचं नावही काढू नका.

'गळतीही बंद' हा सगळ्यात घातक दावा. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. थर्माकोल तो अडवत नाही, फक्त तुमच्यापासून लपवतो. उघड्या छतावर ओलीचा डाग पडला की माणूस गच्चीवर जाऊन बघतो. सिलिंगमागे तोच डाग वर्षानुवर्षं मुरतो, खारी हवा सळईचा गंज वाढवते, गंजलेली सळई फुगते आणि एक दिवस काँक्रीटचे पोपडे सिलिंगवर कोसळतात. वायरिंगला खेटून आगीला पटकन धरणारा थर्माकोल ठेवायचा, हा धोका वेगळाच.

आतल्या बाजूचं प्लास्टिक थंड देशांतून आलं आहे. तिकडे हिवाळ्यात घरातली हवा उबदार आणि ओलसर, बाहेरची थंड आणि कोरडी असते. म्हणून वाफ आतून बाहेर जाऊ नये यासाठी आतून पडदा लावतात. आपल्याकडे ओल बाहेरून आत येते. होमस्टेच्या खोलीत पावसाळ्यात एसी २२ वर चालतो, तेव्हा वरची दमट हवा आणि ओल्या स्लॅबची वाफ त्या गार प्लास्टिकच्या मागे पाणी धरते. तिथे बुरशी येणार. फॉइललाही समोर हवेची पोकळी लागते. दोन्ही बाजूंनी चिकटवलेला फॉइल काही परतवत नाही.

जाडीचंही तसंच. केंद्राच्या २०१८ च्या इको निवास संहितेत (घरांच्या ऊर्जाबचतीच्या नियमांत) छतातून जाणाऱ्या उष्णतेची मर्यादा दर चौरस मीटरला, दर अंशाला १.२ वॅट आहे. एक इंच एक्सपीएसने (थर्माकोलच्याच जातीच्या, पण घट्ट फोमच्या शीटने) ती पाळता येते, दोन इंचांत निम्म्याहून खाली येते. त्यापुढे प्रत्येक इंचाचा फायदा घटत जातो.

मग करायचं काय? स्लॅबवर शंभराला एक उतार, त्यावर वॉटरप्रूफिंग, त्यावर एक्सपीएस. साधा थर्माकोल नको, तो पाणी धरतो आणि दबतो. शीटवर कापडी थर आणि वर फरशी किंवा पातळ काँक्रीट घाला, नाहीतर वाऱ्याने शीट उचलली जाईल. मात्र हे वजन स्लॅब पेलेल का, हे इंजिनिअरला आधी विचारा. गच्चीवर घालतात तो विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा चार इंची कोबाच चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास भरतो. पांढरा रंग स्वस्त आणि उपयोगी आहे, पण पावसाळ्यात त्यावर शेवाळ चढतं. दिवाळीनंतर घासून धुतला नाही तर तो पुढच्या उन्हाळ्यात ऊन परतवत नाही.

गावोगावी स्लॅबवर पत्र्याची शेड घालतात, तिला मी अजिबात नावं ठेवणार नाही. तिच्याखाली हवा खेळती असेल तर स्लॅबवर ऊनही पडत नाही आणि पाऊसही. फक्त ती नीट बांधलेली हवी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने रायगडात आणि दापोली-मंडणगडात किती पत्रे उडवले, ते सगळ्यांनी पाहिलं आहे. खांब स्लॅबमध्ये नट-बोल्टने पक्के करा आणि प्रत्येक भोकाभोवती वॉटरप्रूफिंग पुन्हा करून घ्या.

काम दिवाळीनंतर काढा, म्हणजे पावसात मुरलेलं पाणी सुकायला वेळ मिळतो. वॉटरप्रूफिंग झालं की गच्चीतून पाणी बाहेर जाण्याचा पाइप बुजवून गच्चीत दोन दिवस पाणी कोंडा आणि खोलीत जाऊन छत, विशेषतः जुन्या भिंतीचा सांधा, हात लावून पाहा. ओल लागली तर गवंड्याला तिथेच थांबवा. छत कोरडं निघालं, तरच वर शीट घाला.