पियानो ट्यूनिंग: हिरवा दिवा लागला म्हणजे सूर लागला असं नाही

ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या आणि म्युझिक क्लासच्या पालकांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. त्याचा सारांश असा: ‘पियानो ट्यूनरला हजारो रुपये कशाला द्यायचे? ऑनलाइन ट्यूनिंगची चावी मागवा, फोनवर कुठलंही ट्यूनर अ‍ॅप घ्या, पट्टी वाजवा आणि हिरवा दिवा लागेपर्यंत पिन (तार गुंडाळलेली खुंटी) फिरवा. ८८ पट्ट्या, ८८ सूर, एका दुपारचं काम. ट्यूनरसुद्धा आता अ‍ॅपच बघतात. एकदा लावला की वर्षभर बघायला नको.’

यातलं एकच वाक्य खरं आहे: ट्यूनर अ‍ॅप बघतात. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकलाय. (घरात डिजिटल पियानो असेल तर त्याला ट्यूनिंग लागतच नाही. पुढचं सगळं तारांच्या पियानोबद्दल आहे.)

‘कुठलंही ट्यूनर अ‍ॅप चालतं’ ही समजूत बहुधा पेटीवरून आलीय. पेटीला ते खरंच चालतं. भात्याच्या हवेवर सतत हलणाऱ्या पत्तीचे उपस्वर (मूळ स्वरासोबत वाजणारे वरचे स्वर) मूळ स्वराच्या नेमक्या पटीत असतात, त्यामुळे कंपनसंख्यांच्या ठरलेल्या तक्त्याप्रमाणे सूर लावले की काम होतं. पियानोची पोलादी तार जाड आणि कडक असते. त्या कडकपणामुळे तिचे उपस्वर पटीपेक्षा थोडे चढे निघतात, आणि जितकं वर जावं तितके जास्त चढे. दुसरा उपस्वर मूळ स्वराच्या दुपटीहून जरासा वर असेल, तर वरच्या सप्तकातला सूरही तेवढाच वर हवा. नाहीतर सप्तकच बेसूर वाजतं. म्हणून ट्यूनर सप्तकं ताणतात. कानाने लावलेल्या पियानोंची मोजमापं ओ. एल. रेल्सबॅक यांनी १९३८ साली मांडली, त्यातही हाच बाक दिसतो: मधला भाग जवळजवळ सपाट, मंद्र टोक खाली झुकलेलं, तारसप्तकाकडचं टोक वर चढलेलं.

गिटारसाठीचं साधं अ‍ॅप हे काही जाणत नाही. सगळ्यात वरची सी-८ ही पट्टी तक्त्यात ४१८६ हर्ट्झला आहे. लहान अपराइटवर (उभ्या पियानोवर) ती तीसेक सेंट वर, म्हणजे ४२५९च्या आसपास लावावी लागते (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). अ‍ॅपचं ऐकून ४१८६ला लावली तर दिवा हिरवा दिसतो आणि वरचं दीड सप्तक उतरलेलं वाजतं. बरं, किती ताणायचं याचा एक आकडा नाही. तारा आखूड असतील तर सप्तकं जास्त ताणावी लागतात. सहा-सात फुटी ग्रँडचा (आडव्या पियानोचा) हिशोब सोसायटीच्या लिफ्टमधून वर आलेल्या अपराइटला लागू पडत नाही.

पियानोसाठी बनवलेली सॉफ्टवेअर वेगळी आहेत. ट्यूनलॅबमध्ये आधी वेगवेगळ्या सप्तकांतले पाच-सहा स्वर मोजून तारांचा कडकपणा नोंदवतात आणि मग त्या पियानोपुरता बाक तयार होतो. वेरीट्यूनर काम चालू असतानाच मोजत राहतो. एन्ट्रॉपी पियानो ट्यूनर हे मोफत सॉफ्टवेअर आधी सगळ्याच्या सगळ्या ८८ पट्ट्या ऐकून घेतं. मंद्रात ही सॉफ्टवेअर मूळ स्वर पकडायला जात नाहीत. सगळ्यात खालच्या ए-० या पट्टीचा मूळ स्वर २७.५ हर्ट्झ आहे, फोनचा माइक तिथे जवळपास बहिराच. म्हणून ती वरच्या उपस्वरांवरून मोजतात. ‘फोनने मोजलेलं खरं कसं मानायचं’ हा आक्षेपही काही जण घेतात, पण त्यात दम नाही. फोनच्या घड्याळात दहा लाखांत ५० भागांची चूक धरली तरी ती ०.०९ सेंट होते.

आता ‘हिरवा दिवा लागेपर्यंत पिन फिरवा’. सगळा घोटाळा इथे होतो.

पिन साधारण ७ मिलिमीटर जाडीची, कडक लाकडाच्या थरांच्या पिनब्लॉकमध्ये घट्ट बसवलेली असते. ती एक अंश फिरली की ०.०६ मिलिमीटर तार ओढली जाते, आणि ए-४च्या (मधल्या भागातल्या ४४० हर्ट्झच्या पट्टीच्या) तारेवर तेवढ्याने सूर वीसेक सेंट हलतो. म्हणजे एक सेंट हवा तर एका अंशाचा विसावा भाग. फूटभर लांबीच्या लिव्हरच्या (ट्यूनरच्या चावीच्या) टोकाला ती हालचाल पाव मिलिमीटर भरते. त्यातही पिन एकदम फिरत नाही. आधी तिचं वरचं टोक पिळलं जातं, मग लाकडातला भाग ‘टक्’ करून सरकतो. फोन हा पीळसुद्धा सूर म्हणूनच मोजतो. दिवा हिरवा, तुम्ही लिव्हर काढलीत, पीळ उलगडला, सूर दोन सेंट खाली. लिव्हर आडवी धरून ओढली तर पिन वाकते आणि तेच होतं. अपराइटवर लिव्हर घड्याळाच्या १२ ते १च्या दिशेला ठेवतात, ते यासाठीच.

दुसरी अडचण तारेची. पिनपासून निघालेली तार प्रेशर बारखालून (तारा दाबून धरणाऱ्या धातूच्या पट्टीखालून) जाते आणि मग तिचा वाजणारा भाग सुरू होतो. बारपाशी घर्षण असतं, त्यामुळे दोन्ही तुकड्यांतला ताण सारखा नसतो. अ‍ॅपला फक्त वाजणारा भाग ऐकू येतो. पिनकडच्या तुकड्यात ताण कमी राहिला असेल तर मुलाने चार वेळा जोरात वाजवलं की सूर खाली घसरतो. यावरचा उपाय हातात आहे: सूर तीन-चार सेंट वर न्यायचा, पट्टीवर तीन-चार जोरदार ठोके द्यायचे, लिव्हरने हलकेच खाली दाबून बसवायचा, पुन्हा ठोके द्यायचे. ठोक्यांनंतर आकडा हलला नाही तरच पुढच्या तारेकडे जायचं. ‘पिन बसवणं’ म्हणतात ते हेच, आणि शिकाऊ माणसाची पहिली वर्षं यातच जातात. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त चावीचं तोंड पिनच्या चौकोनी डोक्यावर नीट बसत नाही आणि कोपरे घासून गोल करते. मग पुढच्या ट्यूनरची लिव्हरही तिथे सटकते.

‘८८ पट्ट्या, ८८ सूर’ हा हिशोब तारा न मोजता केलाय. मंद्रातल्या काही पट्ट्यांना एक तार, पुढे दोन, आणि मधल्या-वरच्या भागात तीन-तीन. एकूण सव्वादोनशेच्या आसपास तारा, तेवढ्याच पिना. तानपुऱ्याची जोड जुळली नसेल तर कसं वाटतं हे ज्याला माहीत आहे, त्याला इथे तशा साठेक पट्ट्यांवर तीन-तीन तारांची जोड लावायची आहे हे सांगितलं की पुरे. ए-४ला एक सेंट म्हणजे पाव हर्ट्झ. अ‍ॅपने दोन तारा ‘अधिक-उणे एक सेंट’मध्ये हिरव्या दाखवल्या, तर त्या एकमेकींपासून दोन सेंट लांब असू शकतात. दर दोन सेकंदांना एक बीट (आवाजाचा चढउतार), आणि ती सहज ऐकू येते. शिवाय एकत्र वाजणाऱ्या तारा ब्रिजमधून (तारांखालच्या घोडीतून) एकमेकींना ओढतात. गॅब्रिएल वाइनराइश यांनी १९७७ साली या जोडलेल्या तारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यामुळे प्रत्येक तार सुटी मोजून ‘बरोबर’ ठेवली तरी तिघी मिळून बरोबर वाजतील याची हमी नाही. सॉफ्टवेअर वापरणारे बहुतेक ट्यूनरही म्हणूनच कडेच्या दोन तारा फेल्टच्या पट्टीने किंवा रबरी पाचरीने बंद करतात, मधली सॉफ्टवेअरवर लावतात आणि मग कडेच्या तारा कानाने तिच्याशी जुळवतात. काही तारा तर एकट्याच वाजल्या तरी बीट देतात. कारण बहुधा ब्रिजवरची सैल पिन, पीळ बसलेली तार किंवा गंज. तिथे स्क्रीनवरचा आकडा नुसता नाचत राहतो.

‘ट्यूनरही अ‍ॅपच बघतात’ हो, आणि त्यांनी बघावंच. घोडबंदर रोडकडे उघडणारी खिडकी, वर पंखा, आत कुकरची शिट्टी, अशा खोलीत बीट मोजत बसण्यापेक्षा सॉफ्टवेअरचा आधार घेणं शहाणपणाचं. दिवसातल्या तिसऱ्या पियानोला कान थकलेला असतो, सॉफ्टवेअर थकत नाही. पण ते जिथे चुकतं ती जागा माहीत असावी लागते. लहान अपराइटमध्ये तांबं गुंडाळलेल्या तारा संपून साध्या तारा सुरू होतात त्या सांध्यावर कडकपणा एकदम बदलतो आणि सॉफ्टवेअरचा गुळगुळीत बाक तिथे फसतो. मग कानाची परीक्षा: एफ-३ आणि ए-३ एकत्र वाजवले की सेकंदाला सुमारे ७ बीट्स, पुढे सरकत सी-४ आणि ई-४ला सुमारे १०, आणि मधल्या प्रत्येक जोडीला वेग थोडा-थोडा वाढायला हवा. कुठे अडखळला तर आकडा बाजूला ठेवून कानाचं ऐकायचं. अमेरिकेतल्या पियानो टेक्निशियन्स गिल्डच्या परीक्षेतही दोन्ही एकत्र नांदतात. तज्ज्ञांनी ठरवलेलं आदर्श ट्यूनिंग उपकरणाने नोंदवून ठेवतात, उमेदवाराचं काम त्याच्याशी ताडतात, आणि मधल्या भागाचं ट्यूनिंग उमेदवाराला कानाने करून दाखवावं लागतं. म्हणजे ‘अ‍ॅप वापरतो तो खरा ट्यूनर नाही’ हा जो उलटा शेरा त्याच ग्रुपवर खाली पडतो, त्यातही काही अर्थ नाही.

‘एका दुपारचं काम’ यात एक धोका लपलाय. बरीच वर्षं हात न लागलेला पियानो ५० सेंट उतरलेला सापडणं नवलाचं नाही. सगळ्या तारांचा ताण मिळून साधारण १८ टन असतो. ५० सेंट चढवायचे म्हणजे त्यात जवळजवळ एका टनाची भर. पुढच्या तारा चढवताना साउंडबोर्ड (तारांमागचा लाकडी फळा) दबतो आणि आधी लावलेल्या तारा उतरतात. पहिल्या फेरीत हिरवे केलेले सूर शेवटाला पोहोचेपर्यंत पुन्हा पडलेले असतात. म्हणून पहिली फेरी मुद्दाम चढी ठेवतात: मधल्या-वरच्या भागात उतरलेल्या सेंटच्या पाव हिश्श्याइतकी किंवा जरा जास्त, मंद्रात त्याहून कमी. ५० उतरला असेल तर साधारण १२ वर. पियानोच्या सॉफ्टवेअरचा खरा उपयोग इथे होतो, ते प्रत्येक तारेचा हा आकडा काढून देतं. बारीक ट्यूनिंग त्यानंतरच्या फेरीत. खाडीकाठच्या इमारतीत तारा गंजलेल्या असतील तर चढवण्याआधी पिन किंचित उलटी फिरवून तार बारपासून मोकळी करून घेतात. तसं न करता सरळ ओढली की तुटते. मंद्राची गुंडाळलेली तार तुटली तर मापाने बनवून घ्यावी लागते, आणि तो खर्च वाचवलेल्या पैशांत बसत नाही.

‘वर्षभर बघायला नको’ हे ठाण्यात बसून कोणी लिहिलं असेल असं वाटत नाही. पावसाळ्यात साउंडबोर्डचं लाकूड फुगतं, ब्रिज वर ढकलला जातो आणि सूर चढतात. गुंडाळलेल्या आणि साध्या तारांच्या सांध्याच्या लगेच वरचा भाग सगळ्यात जास्त. हवा कोरडी झाली की तोच भाग उतरतो. जूनच्या पहिल्या पावसात ट्यूनिंग करून घेणं म्हणजे पैसे पाण्यात. दमटपणा स्थिरावल्यावर दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत: एकदा जुलैअखेरीस, एकदा नोव्हेंबरच्या उत्तरार्धात. एसी फक्त रात्री लागत असेल तर पियानो त्याच्या झोतात नको. आत बल्ब लावून ठेवण्याची जुनी पद्धत पावसाळ्यात ठीक, पण तोच बल्ब जानेवारीतही जळत राहिला तर लाकूड सुकून चिरतं. काहीशे रुपयांचा आर्द्रतामापक पियानोजवळ ठेवला तर अंदाज येतो. ४० ते ६० टक्के चांगलं, पण आकडा स्थिर राहणं त्याहून महत्त्वाचं.

फोनवरचं मोफत अ‍ॅप टाकून द्यायची गरज नाही. ट्यूनरला बोलावण्याआधी ए-४च्या कडेच्या दोन तारांवर कापडाची घडी दाबून मधली वाजवा आणि आकडा वाचा. ४४०ऐवजी ४३७ म्हणजे साधारण १२ सेंट उतरलाय, नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये येईल. ४२८ म्हणजे ४८ सेंट, दोन फेऱ्या लागतील आणि बहुधा काही आठवड्यांनी पुन्हा एकदा. हा आकडा, शेवटचं ट्यूनिंग कधी झालं ते, आणि पिनांचा व तारांचा उजेडात काढलेला एक फोटो ट्यूनरला आधीच पाठवा. गंज किती आहे, जास्तीच्या तारा सोबत आणाव्या लागतील का आणि किती वेळ ठेवावा, हे त्याला घरून निघतानाच कळतं.