ताणून पाहणारे गृहस्थ
पँटचे कापड किती ताणले जाते हे पाहणे ही गिऱ्हाइकाची खासगी बाब आहे, अशी माझी कालपर्यंत समजूत होती. मी कमरपट्टी दोन्ही हातांत धरून जेमतेम ओढतो न ओढतो तोच शेजारच्या, स्वतः काहीही विकत न घेणाऱ्या एका गृहस्थांनी "अहो, असं नसतं बघायचं" असे म्हणत तिचे एक टोक ताब्यात घेतले. "तुम्ही तिकडून घट्ट धरा." मी धरले, अधिकारवाणीने सांगितलेली कोणतीही गोष्ट मी आधी करतो आणि मग चिडतो. त्यांनी एक पाय मागे रोवला, चष्मा खिशात ठेवला आणि असे काही खेचले की मी दोन पावले त्यांच्याकडे सरकलो. विक्रेता मोबाइलवरून नजर न काढता म्हणाला, "बिनधास्त ओढा काका, स्ट्रेच आहे." गृहस्थांनी माझ्या पोटाकडे मोजणीदाराच्या नजरेने पाहिले. "कापड येईल हो. तुमचं काही सांगता येत नाही."

वास्तविक टी-शर्टचे कापड फासाफासांनी गुंफलेले असल्यामुळे लवचीक धाग्याविनाही ताणले जाते. पँटचे कापड मात्र उभ्या-आडव्या धाग्यांचे असल्याने एरवी तिरके ओढले तरच सैलावते आणि आडवे चांगले ताणायचे तर त्यात बहुधा इलास्टेन हा लवचीक धागा लागतो. १९५८ साली ड्यूपाँट या अमेरिकी रसायन कंपनीत जोसेफ शिव्हर्स या रसायनशास्त्रज्ञांनी तयार केलेला हा धागा मूळ लांबीच्या पाचपट ताणूनही पूर्ववत होतो. पँटमध्ये तो बहुधा दोन-तीन टक्केच असतो, ही गोष्ट आतल्या शिवणीत मुंगीच्या अक्षरांत आणि 'स्ट्रेच' हा शब्द बाहेर वीतभर छापतात. मापे मोजकी काढायची आणि उरलेला भार कापडावर व गिऱ्हाइकाच्या श्वासावर टाकायचा, असा हा व्यवहार असावा, याचा मला मनापासून राग येतो.

खरी परीक्षा सोपी आहे. शिवणीपासून दूर, आडव्या दिशेने १० सेंटिमीटर कापड चिमटीत धरून पट्टीवर सहज जाईल तेवढेच ओढावे, ते १२.५ सेंटिमीटर झाले तर ताण २५ टक्के. मग सोडावे, कारण १० चे साडेदहा होऊन राहिले, तर चार दिवसांत गुडघ्यांवर फुगे येणारच. गृहस्थ सोडायलाच तयार नव्हते! मी मोजपट्टी मागितली तेव्हा विक्रेत्याने प्रथमच मोबाइल खाली ठेवला. "साहेब, स्ट्रेच आहे म्हटलं ना!" गृहस्थांनी खेदाने मान हलवली, चष्मा पुन्हा लावला आणि शर्ट चाचपत एकट्याच उभ्या असलेल्या एका तरुणाकडे मोर्चा वळवला.