लष्कर उतरवलं की कार्टेल संपतं? मग मेक्सिकोत काय झालं ते वाचा

"शेजारी देशांचं सहकार्य म्हणजे नुसता वेळकाढूपणा. मेक्सिकोने हिंमत करून लष्कर उतरवलं तर महिन्याभरात कार्टेल साफ होतील. गोव्यानेही शेजाऱ्यांच्या तोंडाकडे बघू नये." असा एक निरोप सगळीकडे फिरतोय. (कार्टेल म्हणजे अमली पदार्थांचा धंदा करणाऱ्या मोठ्या टोळ्या.) म्हापशाच्या मामांनी तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली बारावीतल्या मावसभावाने 'शंभर टक्के बरोबर' लिहिलं. आता गप्प बसवत नाही.

आधी लष्कराचं बघू, कारण सगळ्यात घातक तेच आहे. मेक्सिकोने लष्कर उतरवलंच नाही हे कोणी सांगितलं? फेलिपे काल्देरोन राष्ट्राध्यक्ष झाले आणि पंधरवडा उलटायच्या आत, डिसेंबर २००६ मध्ये, त्यांनी मिचोआकान राज्यात हजारो जवान धाडले. तिथल्या सरकारी सांख्यिकी संस्थेच्या नोंदीनुसार २००७ साली देशात ८,८६७ खून झाले होते. २०११ साली झाले २७,२१३. चार वर्षांत तिप्पट! म्होरक्या पकडला की टोळी फुटते आणि फुटलेले गट इलाख्यासाठी एकमेकांच्या जिवावर उठतात. जुलै २०२४ मध्ये सिनालोआ कार्टेलचा म्होरक्या इस्माएल साम्बादा अमेरिकेच्या हाती लागला, आणि सप्टेंबरपासून कुलियाकान शहरात त्याच कार्टेलचे दोन गट रस्त्यावर लढू लागले. शाळा बंद पडल्या, माणसं घराबाहेर पडेनात. शिवाय काल्देरोन यांचे सुरक्षामंत्री खेनारो गार्सिया लुना यांनाच सिनालोआ कार्टेलकडून लाच खाल्ल्याबद्दल २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टाने दोषी ठरवलं. एकट्याने लढायचं ते कुणाच्या भरवशावर?

त्याच निरोपात पुढे, "बंदुका मेक्सिकोच्या, भांडण मेक्सिकोचं," म्हणे. मेक्सिकोत बंदूक कायद्याने विकणारी दुकानं दोनच, आणि तीही लष्कराची. अमेरिकी संसदेसाठी सरकारी कारभार तपासणाऱ्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसचा २०२१ चा अहवाल सांगतो, की २०१४ ते २०१८ या काळात मेक्सिकोत सापडलेल्या आणि माग काढायला दिलेल्या बंदुकांपैकी सुमारे ७० टक्के अमेरिकेतून आलेल्या होत्या. माल उत्तरेला जातो, बंदुका दक्षिणेला येतात. हे मेक्सिकोचं लष्कर एकटं कसं थांबवणार? टेक्सासमधल्या दुकानावर छापा घालायचा अधिकार त्याला आहे का?

"एस्कोबार मेला, विषय संपला," हे त्यातलं वाक्य तर सोडूनच द्या. एस्कोबार म्हणजे कोलंबियातला कोकेनचा बडा तस्कर. तो १९९३ मध्ये मारला गेला. संयुक्त राष्ट्रांच्या मोजणीनुसार २०२३ मध्ये कोलंबियात कोकाची (ज्याच्या पानांपासून कोकेन बनतं त्या झुडपाची) लागवड २ लाख ५३ हजार हेक्टरांवर होती.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. शेजाऱ्याला दिलेली माहिती फुटते, हे खोटं नाही. २०११ मध्ये अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याने झेतास टोळीच्या म्होरक्यांची माहिती मेक्सिकोच्या एका खास पोलीस पथकाला दिली आणि ती थेट टोळीकडे पोचली. टोळीने आयेंदे गावात घरंच्या घरं पाडली, कुटुंबं उचलून नेली, कित्येक माणसं परत आलीच नाहीत. पण त्यावरून सहकार्य तोडायचं, की माहिती कोणाच्या हाती द्यायची ते कडक तपासायचं?

राहिला गोवा. इथे कार्टेलची युद्धं नाहीत, तेव्हा उगाच घाबरवू नका. पण पत्रादेवीचा नाका ओलांडला की लगेच बांदा, म्हणजे महाराष्ट्र. पेडण्यात पोराच्या खिशात पुडी सापडली आणि ती देणारा पलीकडे असला, तर सिंधुदुर्ग पोलिसांशी बोलल्याशिवाय गोव्याचे पोलीस त्याच्यापर्यंत पोचणार कसे? त्यांनी एकमेकांशी बोलणं बंद केलं तर फायदा फक्त त्या पुडी देणाऱ्याचा.