जुळतं ते समजल्यामुळे
गप्पा मारताना दोघांचे मेंदू एका लयीत येतात, असं एका लेखात वाचलं. खरं आहे, पण त्यात ‘व्हायब्रेशन जुळतात’ वगैरे गूढ काही शोधू नये. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातले मेंदू-संशोधक उरी हॅसन यांच्या गटाच्या २०१० मधल्या प्रयोगात गोष्ट सांगणारी आणि ऐकणारे समोरासमोर नव्हतेच! तिची गोष्ट एफएमआरआय यंत्रात (मेंदूतली हालचाल टिपणाऱ्या) रेकॉर्ड करून इतरांना नंतर ऐकवली. तरी ऐकणाऱ्यांच्या मेंदूतली हालचाल तिच्यामागोमाग, काही भागांत तर पुढचं ओळखल्यासारखी चक्क तिच्याआधी व्हायची. रशियन न येणाऱ्यांना रशियन गोष्ट ऐकवली, तर हे जुळणं गायब. म्हणजे जुळतं ते समजल्यामुळे. आमची आजी गोष्ट सांगताना मध्येच थांबून ‘हं म्हण की’ म्हणायची, ते आम्हाला समजतंय ना, हेच तपासायला असावं. व्हिडिओ कॉलवर तो हुंकार जरा उशिरा पोचला की दोघंही एकदम बोलायला लागतात, मग ‘तू बोल, तू बोल’ सुरू.