परसातले घर आणि परत नेण्याचे कलम

आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. नेदरलँड्समध्ये आजारी किंवा वृद्ध आप्तांसाठी परसात उभ्या केल्या जाणाऱ्या तयार घरांवरील माझ्या लेखाला आपण तीन आक्षेप घेतले आहेत: ‘परवानगी लागत नाही’ हे विधान दिशाभूल करणारे आहे; माणूस गेल्यावर त्या घराचे काय होते, हे मी लिहिलेलेच नाही; आणि मुळात आईला अंगणातल्या खोक्यात ठेवणे ही पळवाट आहे. पहिले दोन आक्षेप मला मान्य आहेत, तिसरा नाही.

1 नोव्हेंबर 2014 पासून अशा घराला बांधकाम परवाना लागेनासा झाला हे खरे; पण त्यासोबतच्या अटी मी गाळल्या, ही माझी चूक. तिथे एकच कुटुंब आणि तेही फार तर दोन माणसांचे राहू शकते, आणि शुश्रूषेची गरज खरी असल्याचे वैद्यकीय पत्र नगरपालिका मागू शकते. शिवाय क्षेत्रफळाचे गणित आहे. आमचे परस 150 चौरस मीटरचे; त्यात पहिल्या 100 मधले निम्मे आणि उरलेल्या 50 चे 20 टक्के, असे एकूण 60 चौरस मीटर बांधकाम चालते. त्यातून सायकलींच्या जुन्या शेडचे 12 वजा करावे लागले, हे आम्हाला फीत घेऊन मोजायला बसल्यावर कळले! जानेवारी 2024 पासून नवा कायदा आला असून हे नियम आता नगरपालिकेच्या आराखड्याचा भाग आहेत. तेव्हा लेखावर विसंबून कोणी घर मागवू नये, आधी नगरपालिकेत विचारावे.

शुश्रूषा संपली की तिथे राहण्याची मुभाही संपते. मग घर उचलून न्यावे लागते, किंवा स्वयंपाकघर आणि न्हाणीघर काढून त्याची पुन्हा साधी शेड करावी लागते. आम्ही घर भाड्याने घेतले ते याच कारणाने. करारात परत नेण्याचे स्वतंत्र कलम आहे, आणि त्यावर माझ्या डच सासूबाईंची सही आहे, आमची नव्हे.

आता ‘खोके’ या शब्दाविषयी. एका छताखाली राहावे, हे आपले म्हणणे पुण्यातल्या तळमजल्यावरच्या घराला लागू पडेल. इथल्या सामान्य घरात झोपायच्या खोल्या आणि न्हाणीघर वरच्या मजल्यावर असते, खाली फक्त शौचालय, आणि मधला जिना इतका अरुंद व उभा की मीसुद्धा उतरताना कठडा सोडत नाही. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर सासूबाई आमच्या दिवाणखान्यात अडीच महिने झोपल्या. सकाळी अंग पुसायचे तर मुलांना स्वयंपाकघरात थांबवून दार लावावे लागे. छत एकच होते, पण दिवसभरात त्यांना एकांताचा कोपरा म्हणून नव्हता. आता त्यांच्या दाराला उंबराच नाही, त्यामुळे चाकांच्या वॉकरचा आधार घेऊन त्या थेट न्हाणीघरापर्यंत जातात. माझ्या ओट्यापासून त्यांचे दार चौदा पावलांवर आहे. साडेसातपर्यंत पडदा सरकला नाही तर मी जाते. जाताना दारावर टकटक करते, आणि ‘ये’ म्हणेपर्यंत बाहेर थांबते. आपण जिला पळवाट म्हणता ती मला तरी दिसलेली नाही. कायदाही वृद्धांना परसात पाठवा असे म्हणत नाही. सेवा करणाऱ्याने मागच्या घरात राहावे आणि आजाऱ्याने पुढच्या, हेही चालते.

सरकारने आपले ओझे कुटुंबावर लोटले, ही आपली शंका मात्र निराधार नाही. 2013 पासून हलक्या गरजा असलेल्यांना वृद्धाश्रमात नव्याने प्रवेश मिळणे बंद होत गेले, त्याच वर्षी सप्टेंबरात राजाच्या भाषणात ‘सहभागी समाज’ (ज्याने-त्याने स्वतःची आणि आपल्या माणसांची काळजी घ्यावी, असा) हा शब्द आला, आणि लगोलग 2014 मध्ये परसातली घरे परवानामुक्त झाली. हा क्रम योगायोगाचा वाटत नाही. घरच्या शुश्रूषेला इथे ‘मांटेलझोर्ख’ म्हणतात. 1972 मध्ये प्राध्यापक हाटिंगा फर्स्ख्यूरे यांनी रूढ केलेल्या या शब्दात ‘मांटेल’ म्हणजे अंगावर घ्यायचा झगा. तो झगा पुष्कळ घरांत सुनेच्या किंवा लेकीच्या हातून पांघरला जातो, यावर मूळ लेखात एक ओळ हवी होती. ती आज घातली आहे, आणि ‘परवानगी लागत नाही’ च्या जागी ‘अटी पाळल्यास परवाना लागत नाही’ असा बदलही केला आहे.