आडनावबंधूंच्या गावात

इंग्रजी शब्दकोशात शब्द शोधायचा तर त्याचं स्पेलिंग यावं लागतं. आणि ते येत नाही म्हणूनच तर कोश उघडलेला असतो.

साधा 'न' घ्या. मराठी कोशात न-ने सुरू होणारा शब्द मुकाट न-मध्येच सापडतो. इंग्रजीत कानावर भरवसा ठेवून निघालात तर पाच दारं ठोठवायची. नाक म्हणजे 'नोज' असेल तर एन, सुरी म्हणजे 'नाइफ' असेल तर के, 'नॅट' नावाचं चिलट असेल तर जी. 'न्यूमोनिया' पी-मध्ये पडलेला असतो. आणि लक्षात ठेवायच्या युक्तीला जो 'निमॉनिक' म्हणतात, तो एम-मध्ये! म्हणजे युक्ती कुठे ठेवलीय हे आधी लक्षात ठेवायचं. नाइफमधला के एके काळी खरोखर उच्चारत. १७व्या शतकाच्या सुमारास जिभेने तो टाकला, पण छापखान्याने टाकला नाही. त्याची शिक्षा आपण भोगतोय.

पहिलं अक्षर जमलं की पुढचा छळ. रॉबर्ट कॉड्रीने १६०४ साली फक्त इंग्रजीचा म्हणता येईल असा पहिला कोश छापला. शब्द जेमतेम अडीच हजार, तरी प्रस्तावनेत वाचकाची शिकवणी घेतलेली: शब्द सी-ए-ने सुरू होत असेल तर सी-च्या सुरुवातीला पाहा, सी-यू-ने असेल तर शेवटाकडे. वर्णानुक्रम तेव्हा लोकांच्या अंगवळणी पडलेला नव्हता. हसू येतं खरं, पण 'कन्सेन्सस', म्हणजे मतैक्य, शोधून दाखवा. दहातले बरेच जण सी-ओ-एन-सी-वर जातात. तिथे 'कन्सीव्ह' गेला, 'कॉन्सन्ट्रेट' आला, तरी मधे 'कन्सेन्सस'चा पत्ता नाही. मग कोश छोटा आहे, असा निकाल लागतो. चूक होते ती सेन्सस, म्हणजे जनगणनेशी नातं जोडल्यामुळे. मतैक्याचं नातं संमतीशी, 'कन्सेंट'शी आहे, म्हणून मधे एस.

छापील कोशात पानाच्या माथ्यावर दोन शब्द असतात. डावा त्या पानावरचा किंवा समोरासमोरच्या पानांवरचा पहिला, उजवा शेवटचा. आपला शब्द या दोघांच्या मधे बसतो का, एवढंच बघायचं. पण 'कॉन'वाले शब्द पानामागून पान चालतात, तिथे पहिली तीन अक्षरं वाचणं म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय. नजर सरळ चौथ्या अक्षरावर टाकावी, चौथंही सारखं निघालं तर पाचव्यावर.

चौथं अक्षर टी असलेलं पान मला सगळ्यात नमुनेदार वाटतं. वरून पाहिलं तर सगळे एकाच घरातले. प्रत्यक्षात नुसते आडनावबंधू. 'कॉन्टॅक्ट' म्हणजे संपर्क, 'कॉन्टेजियन' म्हणजे संसर्ग, 'कंटिग्युअस' म्हणजे लगतचा, 'कंटिंजंट' म्हणजे झालं तर झालं असा. ही चार सख्खी भावंडं, लॅटिनमधल्या 'स्पर्श करणे' या अर्थाच्या क्रियापदाची. शेजारचा 'कंटेन' मात्र 'धरणे'वाल्यांचा, 'कंटेंड' 'ताणणे'वाल्यांचा. 'कंट्रोल' तर कॉनच्या कुळातलाच नाही. त्याच्या पोटात 'कॉन्ट्रा' म्हणजे समोरासमोर आणि 'रोल' म्हणजे गुंडाळी. हिशेबाची दुसरी गुंडाळी ठेवायची आणि पहिली तिच्याशी ताडून बघायची, हा मूळचा कंट्रोल. थोडक्यात, कारकुनी काम.

आणि 'कंटेंट'! स्पेलिंग एकच. जोर पहिल्या तुकड्यावर दिला तर मजकूर, दुसऱ्यावर दिला तर समाधानी. कंटेंट टाकणारे सहसा कंटेंट नसतात, हे कोशात लिहिलेलं नाही.

पहिली पाच-सहा अक्षरं सारखी आणि मग एकाच अक्षरावर दगा, ही जात सर्वांत घातकी. 'इन्जीनियस' आणि 'इन्जेन्युअस' सहाव्या अक्षरापाशी फुटतात: आय असेल तर कल्पक, यू असेल तर भोळाभाबडा. एखाद्याच्या कल्पकतेचं कौतुक करताना यू पडला की त्याला बावळट ठरवून मोकळे. बरं, कल्पकतेचं नाम करायला जावं तर 'इन्जेन्युइटी', आणि त्यात यू! भोळ्याचं अक्षर हुशाराने लाटलं, आणि भोळ्याच्या वाट्याला 'इन्जेन्युअसनेस' असं लांबलचक शेपूट आलं.

'स्टेशनरी'ची फाटाफूट आठव्या अक्षरावर. ए म्हणजे जागचं न हलणारं, ई म्हणजे कागद-पाकिटं. पाकिटाच्या एन्व्हलपमधला ई आठवायचा. 'कॉम्प्लिमेंट'ला आय असेल तर स्तुती, ई असेल तर पूरक, कारण 'कम्प्लीट'मध्येही तिथेच ई आहे. माझी आवडती जोडी 'डिस्क्रीट'ची. उच्चारात काडीचा फरक नाही. सुटंसुटं या अर्थाच्या शब्दात दोन ई-च्या मधे टी घुसून त्यांना सुटं करतो. तोंड मिटून राहणाऱ्या, विवेकी माणसाच्या शब्दात दोन्ही ई चिकटून कुजबुजत बसलेले असतात. अशी सोय इंग्रजीत चुकून झाली असणार.

'इन' या दोन अक्षरांनी मात्र हद्द केली. 'इनव्हिजिबल' म्हणजे न दिसणारा, तेव्हा 'इन्फ्लेमेबल' म्हणजे न पेटणारा, असं कुणालाही वाटेल. पण लॅटिनमध्ये दोन 'इन' आहेत. एक नकाराचा, एक 'आत'चा. इन्फ्लेमेबलमधला दुसरा, म्हणजे हा शब्द भडकन पेटणाऱ्या वस्तूचा. डब्यावर तो वाचून कुणी निर्धास्तपणे काडी ओढली तर व्याकरण शिकवायला मागे कुणी उरायचं नाही. म्हणून १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने नुसतं 'फ्लेमेबल' लिहा, असा आग्रह धरला. न पेटणाऱ्याला 'नॉनफ्लेमेबल' म्हणतात. जुना शब्द मात्र अजून कोशात ठाण मांडून आहे, आय-मध्ये, 'इनव्हिजिबल'च्या बराच आधी.